ऑपरेशननंतर उलट्या ‘होतातच’, पण किती दिवस?

सुरंगी | १२ जुलै, रात्री ११.५०

धागा कुठल्या विभागात टाकायचा कळेना, म्हणून आरोग्यात टाकतेय. चुकलं असेल तर संपादकांनी हलवावा.

माझा थोरला भाऊ, वय ४३. मालवणात आमची खानावळ आहे, तो आणि वहिनी चालवतात. (हो, खानावळवाल्यानेच पोट कापून घेतलं. हा विनोद घरात करून झालाय, नवीन असेल तर सांगा.) वजन होतं १३८ किलो, उंची पाच फूट आठ. तीन-तीन गोळ्या घेऊनही साखर आटोक्यात नाही. झोपेत श्वास अडकायचा म्हणून मशीन लावून झोपायचा. पावसाळ्यात आमच्याकडे लाइट किती वेळा जाते ते सांगायला नको. लाइट गेली की वहिनी उठून बसायची, त्याचा श्वास ऐकत.

६ जूनला मुंबईत स्लीव्ह नावाचं वजन उतरवायचं ऑपरेशन केलं. जठराचा पाऊण भाग किंवा त्याहून थोडा जास्तच काढून टाकतात, उरते ती केळ्याएवढी नळी. किल्ल्याच्या होड्या बंद, पर्यटक नाहीत, म्हणून जून महिना धरला. पहिले तीन आठवडे छान गेले, पाणी, ताक, डाळीचं पाणी, सगळं राहत होतं. २७ तारखेला मऊ जेवण सुरू केलं आणि उलट्या लागल्या. आधी दिवसातून एकदा, आता पाण्याचा घोट घेतला तरी. आज पंधरा दिवस झाले.

हॉस्पिटलच्या नंबरवर फोन केला की पलीकडची मुलगी म्हणते, “सर भरभर खात असतील, सुरुवातीला होतंच.” इथले डॉक्टर बाटली लावतात, दोन दिवस बरं वाटतं, परत तेच. वजन ११६ वर आलंय, त्यामुळे गावात सगळे खूश. “काय बारीक झालो गो तुझो भाव!”

आई दर तासाला पेज घेऊन उभी. “वायच पेज घेवक तुका काय जाता रे?” तो घेतो, मागच्या दारी जाऊन काढून येतो, परत खोलीत. बोलत नाही कुणाशी. परवा ग्रामदेवतेला कौल लावला, उजवा मिळाला, तेवढ्यावर आई शांत आहे.

मी कुडाळला असते, एक दिवसाआड जाते. कुणाच्या घरी असं झालंय का? उलट्या नक्की किती दिवस ‘होतातच’?

खाडीकाठचा | १३ जुलै, सकाळी ६.१०

माझ्या मेव्हणीचं झालं होतं, ती चिपळूणची. पंधरा दिवस खूप झाले. ‘होतंच’ हे घास अडकला, चावला नाही, घाई केली, अशा एखाद-दुसऱ्या उलटीला म्हणतात. पाणीसुद्धा राहत नसेल तर पुढे वाट अरुंद झालेली असू शकते.

एक वही कर. किती मिली घेतलं, किती वाजता उलटी, लघवी किती वेळा आणि कुठल्या रंगाची. आम्ही औषधाचं छोटं मापाचं झाकण वापरायचो. फोनवर “खूप उलट्या होतात” सांगितलं की कुणी हलत नाही. “काल दिवसभरात ३०० मिली घेतलं, त्यातलं निम्मं पडलं, लघवी दोनदा, चहाच्या रंगाची” म्हटलं की डॉक्टर स्वतः फोनवर येतात. स्वानुभव.

मिसरूड | १३ जुलै, सकाळी ८.३२

वाईट वाटलं वाचून. पण स्पष्ट बोलतो, हे शॉर्टकट असेच महागात पडतात. रोज सकाळी ५ किमी चालणं आणि रात्री जेवण बंद केलं असतं तर ही वेळच आली नसती. आपले पूर्वज काय ऑपरेशनं करत होते?

पिठीभात | १३ जुलै, सकाळी ८.५०

मिसरूड, आपले पूर्वज चाळिशीत मधुमेहाने जात होते आणि लोक म्हणत, देवाज्ञा झाली. माझं बायपास (हृदयाचं नव्हे, वजनासाठी पोटाचं) होऊन सहा वर्षं झाली. त्याआधी मी तेरा वर्षं चाललो, पळालो, उपाशी राहिलो, दोनदा तीस-तीस किलो उतरवले आणि व्याजासकट परत घेतले. तुमचा सल्ला घरातला पेशंट अठरा वर्षांचा असल्यापासून ऐकत आलेला असतो. तो आत्ता उलट्या करतोय. आत्ताचं बोला.

निवृत्त_परिचारिका | १३ जुलै, सकाळी ९.०५

सुरंगी, हे लगेच वाच. मी डॉक्टर नाही, ३१ वर्षं वॉर्डात काढली आहेत, शेवटची नऊ रत्नागिरीत.

थायमिन म्हणजे बी-वन जीवनसत्त्व. शरीरात त्याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असतो. तुझ्या भावाला ऑपरेशनच्या आधीही यकृत लहान व्हावं म्हणून पातळ आहारावर ठेवलं असणार, नंतर तीन आठवडे पाणीदार खाणं, आणि आता पंधरा दिवस उलट्या. हिशोब तूच कर. जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या असतील, पण त्या राहतायत कुठे पोटात?

हे संपलं की मेंदूवर येतं. तीन गोष्टी बघायच्या: नजर (दोन-दोन दिसणं, बुबुळं थरथरणं), चाल (तोल जाणं, पाय फाकवून चालणं), आणि डोकं (विसर, गोंधळ, विचित्र गप्पपणा). तिन्ही एकदम दिसतीलच असं नाही, एकावरही थांबायचं नाही. पायाला मुंग्या, जळजळ आहे का तेही विचार.

आणि फार महत्त्वाचं. तिकडे बाटली कुठली लावतात? डीएनएस किंवा डी-फाइव्ह असेल तर त्यात ग्लुकोज असतं. ग्लुकोज जाळायला थायमिन लागतं. उरलंसुरलं त्यात संपलं तर बिघाड झपाट्याने वाढतो. म्हणून थायमिन आधी, शिरेतून, ग्लुकोज नंतर. तोंडाने गोळी देऊन या परिस्थितीत भागत नाही.

नाडीही मोज. शांत पडलेला असताना १२० च्या वर, सोबत ताप, पोटात किंवा डाव्या खांद्यात दुखणं, धाप असं काही असेल तर ते शिवणीतून गळण्याचं लक्षण असू शकतं. तसंच एकाच पायाची पोटरी सुजली असेल किंवा एकाएकी श्वास लागला तर रक्ताची गाठ. यातलं काहीही असलं तर धागा बंद कर आणि गाडी काढ.

सुरंगी | १३ जुलै, सकाळी १०.२०

ताई, वाचल्या वाचल्या वहिनीला फोन केला. नाडी ९६. ताप नाही. पण तीन दिवसांपासून भिंत धरून चालतो. आम्ही अशक्तपणा म्हणत होतो. टीव्ही का बघत नाहीस विचारलं तर म्हणाला, “माका दोन टीव्ही दिसतत.” हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. काल वहिनीला एकच गोष्ट चारदा विचारली, मासे खय गेले म्हणून. जुलैत, बंदी असताना.

मी निघाले. गोव्याला नेतोय, मुंबई ५०० किलोमीटर आहे.

निवृत्त_परिचारिका | १३ जुलै, सकाळी १०.२४

जा. पोहोचल्यावर पहिलं वाक्य हे बोल: “पाच आठवड्यांपूर्वी स्लीव्ह झालंय, दोन आठवडे उलट्या, आता दोन दिसतंय आणि तोल जातोय, थायमिन मिळालेलं नाही.” दुसरं काही सांगत बसू नकोस. डिस्चार्ज कार्ड हातात ठेव, पिशवीत नको.

खाडीकाठचा | १३ जुलै, संध्याकाळी ७.४५

काही कळलं का?

आबोली_७ | १४ जुलै, दुपारी १२.१५

सुरंगी, सावंतवाडीत आहे. डबा, झोपायला जागा, काहीही लागलं तर व्यनि (खासगी निरोप) कर.

सुरंगी | १९ जुलै, रात्री १०.३०

सगळ्यांचे निरोप आज वाचले. दादा ठीक आहे. ‘ठीक’ म्हणजे काय ते सांगते.

त्या दिवशी बांद्याच्या पुढे पावसाने समोरचं दिसत नव्हतं. पत्रादेवीला नाक्यावर गाडी थांबली तर दादा विचारतो, “आपण मुंबईक पोचलंव?” वहिनी मागे त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. ती आरशातून माझ्याकडे बघत होती आणि मी रस्त्याकडे बघत होते.

अपघात विभागात एक अगदी कोवळा डॉक्टर होता. ताईंनी सांगितलेलं वाक्य मी पाठ केलं होतं, तसंच्या तसं म्हटलं. नर्सने ग्लुकोजची बाटली टांगायला घेतली होती. त्याने हात वर करून थांबवलं, दादाला बोट दाखवून डोळे फिरवायला सांगितले, आणि आधी थायमिन मागवलं. मी तिथे भिंतीला टेकून खाली बसले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दादा म्हणाला, पंखा एकच आहे. नजर आधी सुधारते, गोंधळ त्यानंतर, चाल सगळ्यात शेवटी, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. चाल पूर्ववत व्हायला महिनेही लागतील, थोडा दोष राहूही शकतो. हे त्यांनी गोड करून सांगितलं नाही, ते बरं वाटलं.

मग दुर्बीण घातली. खाडीकाठचा, तुमचा अंदाज बरोबर. उरलेल्या जठराच्या मधल्या वळणावर वाट आकसली होती. फुगा घालून रुंद केली. एकदा करून भागत नाही, बहुतेक आणखी दोनदा-तीनदा करावं लागेल. फुग्यानंतर तिसऱ्या दिवशी ६० मिली पाणी राहिलं. वहिनीने वहीत लिहिलं आणि खाली रेघ मारली.

आता जे लिहायला खरं तर बसले ते. ऑपरेशनचा आग्रह माझा होता. मी लेख वाचले, मी मुंबईत वेळ घेतली, आई नको म्हणत असताना मी म्हटलं की तू गप्प बस. घरी परतल्यावर शेजारच्या काकी दारातूनच म्हणाल्या, “पैशे मोजून पॉट कापून घेतल्यान, आता कोणाक सांगतलो?” आई काही बोलली नाही. आईचं ते न बोलणं मला काकींच्या बोलण्यापेक्षा लागलं.

आणि दादा अजून गप्पच आहे. डॉक्टर म्हणतात, डोकं आता जागेवर आहे. मग हा गप्पपणा कसला?

पिठीभात | २० जुलै, सकाळी ७.१५

हा गप्पपणा मला ओळखीचा आहे. लांबलचक लिहितो, चहा घेऊन वाच.

जाड माणूस ऑपरेशन करायचं ठरवतो तेव्हा त्याने आधीच मनात एक कबुली दिलेली असते, की मला स्वतःहून जमलं नाही. मग ऑपरेशनमध्येही काही बिघडलं की त्याला वाटतं, हेसुद्धा मीच बिघडवलं. भरभर खाल्लं असेन. म्हणून तो दोन टीव्ही दिसतात हे सांगत नाही. हेल्पलाइनवरच्या मुलीचं ते एक वाक्य त्याने खरं मानलं, बघ. त्याला कुणीतरी स्पष्ट सांगा की वाट आकसणं हा शिवणीचा, वणाचा प्रकार आहे, त्याच्या जिभेचा नाही. डॉक्टरांच्या तोंडून सांगवलं तर उत्तम, बहिणीच्या बोलण्यावर भाऊ विश्वास ठेवत नाहीत.

दुसरं, त्याच्या ताटाकडे बघू नका. माझ्याकडे पहिले तीन महिने सगळं घर घासाघासाला श्वास रोखून बसायचं. क्रिकेटची शेवटची ओव्हर असावी तसं. मी शेवटी ओटीवर जाऊन एकटा जेवायला लागलो. वहीत नोंद ठेवा, पण ताट हलल्यावर.

तिसरं, किलोंचं कौतुक बंद. उलट्यांनी उतरलेलं वजन म्हणजे बरंचसं पाणी आणि स्नायू. ज्याला त्याबद्दल शाबासकी मिळते तो उलट्यांची तक्रार कशाला करेल?

आणि त्याचा धंदाच रांधण्याचा आहे हे विसरू नका. माझी तर नुसती दापोलीत आंब्याची बाग आहे, तरी पहिल्या मे महिन्यात वेडा झालो. वाटीभर आमरस प्यालो, साखर घातलेला. वीस मिनिटांत घाम, छातीत धडधड, पोटात मुरडा, आणि नंतर हातपाय गळून झोपलो. याला डम्पिंग म्हणतात, गोड एकदम आतड्यात उतरतं. बायपासवाल्यांना जास्त, स्लीव्हवाल्यांनाही होऊ शकतं. आता दोन फोडी खातो, जेवणानंतर, चावून. रस सोडला. बागायतदाराने रस सोडला, हे नातेवाइकांना अजून पचलेलं नाही.

मिसरूड | २० जुलै, सकाळी ९.४०

माझा आधीचा प्रतिसाद आगाऊ होता. मागे घेतो. सुरंगी, भाऊ लवकर बरे होवोत.

निवृत्त_परिचारिका | २० जुलै, दुपारी ३.००

पेजेबद्दल. आईला दुखवू नकोस, पण समजाव. उकड्या तांदळात पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळापेक्षा बी-वन जास्त राहतं, उकडताना ते कोंड्यातून दाण्यात उतरतं. म्हणजे आईची पेज अगदीच चुकीची नाही. पण वरची निवळ पाजून ना बी-वन पुरत, ना प्रथिनं. दिवसाला ६० ग्रॅम तरी प्रथिनं लागतात, आणि पोटात एका वेळी मावतं जेमतेम अर्धी वाटी. कुळथाची पिठी चांगली, १०० ग्रॅम कुळथात सुमारे २२ ग्रॅम प्रथिनं, पण आपण पिठीत पीठ घालतो किती? दोन चमचे. चार-पाच ग्रॅम झाले. म्हणून सुरुवातीला प्रोटीन पावडरला नाक मुरडू नका. वाट मोकळी झाली आणि डॉक्टरांनी मऊ जेवणाला हो म्हटलं की मुडदुशी, काटे काढून, कुस्करून. बाळंतिणीला, आजाऱ्याला आपण देत आलो ती काही उगाच नाही.

गोळ्या जन्मभर: बी-ट्वेल्व्ह, लोह, कॅल्शियम, डी. लोह आणि कॅल्शियम एकत्र द्यायचे नाहीत, दोन तासांचं अंतर. तिसऱ्या महिन्यापासून केस गळतील, तेव्हा नवीन धागा काढू नकोस, बहुतेकांचे परत येतात. उजव्या बरगडीखाली जेवणानंतर दुखलं तर पित्ताशयाचे खडे बघून घ्या, भराभर वजन उतरलं की होतात. आणि अंगदुखीला दुकानातून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणायचं नाही. पॅरासिटामॉल चालेल.

आंबाघाट | २१ जुलै, रात्री ९.२०

मी विम्याच्या क्लेमचं काम करतो. कुणाला उपयोग होईल म्हणून. लठ्ठपणाच्या ऑपरेशनची अट पॉलिसीत ‘एक्सक्ल ०६’ या कोडखाली असते, ती वाचा. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) ४० किंवा त्यावर, किंवा ३५ सोबत गंभीर आजार (आटोक्यात नसलेला टाइप टू मधुमेह, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र त्रास, हृदयविकार), आणि आधीचे साधे उपाय फसलेले. सुरंगीच्या भावाचा ४६ येतो. दुसऱ्यांदा भरती होताना कागदावर ‘वजनाचा उपचार’ असं मोघम लिहू देऊ नका. जे झालंय ते लिहून घ्या: थायमिनची कमतरता, जठराची वाट आकसणं. नाहीतर फाइल महिनोन्‌महिने फिरते. पहिल्या भरतीची सगळी कागदपत्रं जोडा.

सुरंगी | २१ जुलै, रात्री ११.०५

आंबाघाट, नेमकं तेच झालंय, कॅशलेस नाकारलं. सोमवारी कागद बदलून घेते. हॉस्पिटलचं नाव इथे लिहिणार नाही, कृपया विचारू नका. त्यांच्याशी बोलणं चालू आहे. सर्जन स्वतः फोनवर आले, पुढचा फुगा तेच घालणार आहेत.

वाट_पाहणारी | ९ ऑगस्ट, दुपारी २.१०

संगमेश्वर. माझ्या नवऱ्याचं स्लीव्ह पुढच्या महिन्यात ठरलंय. हा धागा वाचून दोन रात्री झोप नाही. रद्द करू का? आणि सुरंगी, दादा कसे आहेत?

सुरंगी | ९ ऑगस्ट, रात्री १०.५५

माझ्यामुळे रद्द करू नका. दादाच्या तीनपैकी दोन गोळ्या बंद झाल्या, साखर १२० च्या आसपास असते. रात्री मशीन अजून लावतो, पण लाइट गेली तरी आता वहिनी उठत नाही. विचार करून ठरवा, ज्या डॉक्टरांना नंतर फोन लागतो त्यांच्याकडेच करा, आणि पहिल्या भेटीतच विचारा की रात्री दोन वाजता उलटी थांबेना तर कुणाला फोन करायचा. नंबर लिहून घ्या, ‘हेल्पलाइन’ नको, माणूस.

दुसरा फुगा झाला. मऊ जेवण राहतं. काठी घेऊन चालतो, अंगणाच्या पायऱ्यांवर अजून वहिनीचा खांदा लागतो. पिठीभात, तुमचं पत्र (पत्रच ते) मी त्याला छापून दिलं. वाचून म्हणाला, “ह्यो माणूस खयचो?” आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसला. बंदी उठलीय, बांगडे आले होते. नव्या पोराने तिखल्यात तिरफळं ठेचून न घालता अख्खी टाकली, दादाला ते बाहेरून वासावर कळलं. पंधरा मिनिटं त्याला झापत होता. वहिनी मला फोनवर ते ऐकवत होती.

आईने काकींना एका वाक्यात गप्प केलं. ते वाक्य इथे लिहिता येणार नाही.

वाट_पाहणारी | १० ऑगस्ट, सकाळी ८.००

तुम्ही वहीबरोबर आणखी काय तयार ठेवलं होतं? म्हणजे आधीच करून ठेवते.

सुरंगी | १० ऑगस्ट, सकाळी ८.४०

आधी काहीच नव्हतं. आता फ्रिजवर एक कागद आहे, एक प्रत दादाच्या पाकिटात, एक आमच्या डॉक्टरांकडे. मजकूर असा:

“यांची ६ जूनला स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी झाली आहे. उलट्या होत असतील तर ग्लुकोजची सलाइन लावण्याआधी थायमिनचं इंजेक्शन द्यावं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक देऊ नये. नाकातून नळी घालायची वेळ आली तर आधी सर्जनशी बोलावं.” खाली सर्जनचा नंबर, रक्तगट, चालू औषधं, वहिनीचा आणि माझा नंबर.

खाडीकाठचा | १० ऑगस्ट, सकाळी ९.१५

लॅमिनेट केलंस ना?

सुरंगी | १० ऑगस्ट, सकाळी ९.१७

पहिला आठ दिवसांत दमट होऊन गळून पडला. दुसरा केलाय.